देवाची वेळ येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का?

सलाम. तुझा प्रश्न दोनदा वाचला बाळा, आणि दुसऱ्यांदा वाचताना वाटलं की हा तुझ्या एकट्याचा नाही, आपल्या ख्रिस्ती मंडळीतली (चर्चमधली) निम्मी तरुण पोरं हाच प्रश्न पोटात घेऊन फिरतायत, म्हणून नावगाव न देता आधी थोडक्यात मांडतो. तू ३१ वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला सहा वर्षं काढलीस, जोडीला एमपीएससीचे तीन अटेम्प्ट झाले. मागच्या वर्षी बाहेरगावाहून आलेल्या एका सेवकांनी, म्हणजे प्रचारकांनी, प्रार्थनेत तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की देवाची वेळ आलीय, सहा महिन्यांत सरकारी नोकरी लागेल, आणि तू दुसऱ्या आठवड्यात राजीनामा दिलास. आता १४ महिने झाले. आई म्हणते थांब, देवाची वेळ येईल. मामा म्हणतात विश्वासात कमी पडला असशील. आणि तू विचारतोयस की खरंच माझा विश्वास कमी पडला का, देवाची वेळ आली हे कळतं कसं, आणि परत फौंड्रीतच जायचं तर तिथं टेस्ट न करताच रिपोर्ट भरायला लावायचे, विश्वासणाऱ्यानं तसल्या जागी राहावं का.

तीसेक वर्षं पाळकपण केलं, कोल्हापुरात आणि आसपासच्या खेड्यांत, आता रिटायर होऊन घरी आहे, त्यामुळं वेळ आहे आणि सविस्तर लिहितो.

पहिल्याचं उत्तर सरळ देतो. नाही, तुझा विश्वास कमी पडला नाही. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात अठराव्या अध्यायाच्या शेवटी अगदी स्वच्छ लिहिलंय की संदेष्टा परमेश्वराच्या नावानं काही बोलला आणि ते घडलं नाही तर ते वचन परमेश्वराचं नव्हतं, तो संदेष्टा उद्दामपणे बोलला, त्याला भिऊ नको. बघ, न घडल्याचा दोष शास्त्र ऐकणाऱ्यावर टाकतच नाही, बोलणाऱ्यावर टाकतं. आपल्याकडं मात्र उलटं झालंय, सांगणारा सांगून पुढच्या गावाला जातो आणि ऐकणारा वर्षभर स्वतःला कोसत बसतो. त्या सेवकांच्या मनात काय होतं मला माहीत नाही, कदाचित त्यांनी प्रेमानंच सांगितलं असेल, पण त्यांनी दिलेली तारीख देवाची नव्हती एवढं आता तू मोकळ्या मनानं म्हणू शकतोस, त्यात पाप नाही.

आता तुझ्या घरात फ्रेम करून लावलंय म्हणालास ते वचन, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, हिताचे संकल्प आणि भावी सुस्थितीची आशा. हे वचन मी लग्नपत्रिकेवर बघितलंय, दहावीच्या पोराच्या कंपासपेटीत बघितलंय, रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपला तर येतंच. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे आणि ते पत्र अख्खं वाचलेली माणसं फार थोडी भेटतात. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमातली कामाची माणसं उचलून बाबेलला नेली, त्यात राजा यकन्या होता, सरदार होते, सुतार-लोहार होते, म्हणजे तुझ्यासारखी कारागीर माणसंसुद्धा. त्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमातून पत्र पाठवलं. अकरावं वचन यायच्या आधी त्यात काय आहे बघ. घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा आणि त्याचं फळ खा. लग्नं करा, पोरांची लग्नं लावा, कमी होऊ नका. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. आठव्या वचनात, तुमच्यातल्या संदेष्ट्यांच्या बोलण्याला भुलू नका. आणि दहाव्यात आकडा येतो, सत्तर वर्षं. मग अकरावं.

सत्तर वर्षं म्हणजे पत्र ऐकायला बसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांनी परतीची वाट बघायचीच नव्हती रे. ती बाबेलातच जाणार होती, यरुशलेम नातवंडं बघणार होती. हिताचे संकल्प हा निरोप त्या लोकांना दिलाय.

आणि मागचाच अध्याय, अठ्ठाविसावा, त्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजा येईल, मंदिरातली लुटून नेलेली पात्रं येतील, माणसं येतील. यिर्मया त्याला काय म्हणतो माहीत आहे का? आमेन. परमेश्वर असंच करो. मला ही जागा वाचताना दरवेळी गलबलतं, कारण यिर्मयालाही दोनच वर्षं हवी होती, त्यालाही आपलं गाव परत उभं राहिलेलं बघायचं होतं, पण जे देवानं सांगितलं नाही ते तो देवाच्या तोंडी घालू शकत नव्हता. मग यिर्मयानं बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर घेतलेलं जू हनन्या काढून मोडतो आणि यिर्मया गुमान निघून जातो. लोकांना त्या दिवशी कोण पटला असेल ते सांगायला नको. सहा महिन्यांत नोकरी लागेल हे ऐकल्यावर तुला जे वाटलं तेच त्यांनाही वाटलं असणार.

वेळ आली हे कळतं कसं, याचं उत्तर मला सेमिनरीत कमी आणि गुऱ्हाळावर जास्त मिळालं. माझे वडील गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, होते. चिखलीकडच्या बाजूला गुऱ्हाळं लागायची त्यात दिवाळीनंतर ते असायचे आणि शाळा सुटली की मी तिथंच. रस काहिलीत ओतला की चुलवाण पेटतं, चिपाडं घालणारा माणूस खाली वेगळा असतो, आणि एक आदण उतरायला अडीच-तीन तास सहज जातात. त्या तीन तासांत गुळव्याची नजर काहिलीवरून हलत नाही पण हात एकसारखे चालू. चुना टाकायचा, रानभेंडीचं पाणी टाकायचं, वर आलेली मळी झाऱ्यानं काढायची, परत काढायची, जाळ जास्त झाला की खाली ओरडायचं, कमी झाला की ओरडायचं. शेवटी रसाचा रंग फिरतो, बुडबुडे जाड होतात, आवाज बदलतो, हा आवाज बदललेला मला अजून आठवतो, भसभस जाऊन एक जड असा फदफद आवाज यायला लागतो. मग वडील थोडा पाक काढून गार पाण्याच्या भांड्यात टाकायचे आणि दोन बोटांत त्याची गोळी वळून बघायचे. गोळी नाही झाली तर थांब. झाली की एकच हाक, आणि चार माणसं काहील उचलून वाफ्यात पालथी करायची. अलीकडं उतरला तर गूळ बसत नाही, रवा पाघळतो. पलीकडं गेला तर करपतो, काळा पडतो, मार्केट यार्डात व्यापारी दर पाडून मागतो. मधे जी वेळ असते ती मिनिटा-दोन मिनिटांची.

एकदा मी विचारलं की दादा किती वाजता उतरवायचा हे ठरलेलं का नसतं, तर म्हणाले की ऊस रोजचा वेगळा, अडसालीचा वेगळा, खोडव्याचा वेगळा, पाणी भरलेल्या रानातला वेगळा, जाळ वेगळा, थंडी वेगळी, घड्याळाला त्यातलं काय कळतंय. एवढंच. पण मी ते आयुष्यभर धरून राहिलोय. वडिलांना ती वेळ कळायची कारण ते तीन तास काहिलीला चिकटून मळी काढत असायचे, आणि असे वीस हंगाम काढलेले होते. घरी झोपून राहिलेल्या माणसाला, कितीही प्रार्थना करून झोपला तरी, गूळ आला हे कळणार नाही.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत वेळेला दोन शब्द आहेत. ख्रोनोस म्हणजे मोजायचा काळ, दिवस, महिने, वर्षं. कैरोस म्हणजे पिकलेली वेळ, नेमका समय. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात शिष्य येशूला विचारतात की प्रभू, आता राज्य परत देणार का, तर तो म्हणतो की काळ व समय पित्यानं स्वतःच्या अधिकारात ठेवलेत, ते जाणणं तुमच्याकडं नाही. हे दोन्ही शब्द तिथं मूळात आहेत, ख्रोनोसही आणि कैरोसही, आणि मराठी शास्त्रात काळ व समय असे दोन्ही आलेत. म्हणजे दोन्ही दारं बंद. आणि लगेच पुढच्या वचनात तो काम देतो, तुम्ही माझे साक्षी व्हाल. तारीख विचारली होती, काम मिळालं. थेस्सलनीकाच्या मंडळीत तर काही जण प्रभू आता येईल म्हणून कामधंदा सोडून बसले होते, पौलानं त्यांना फार कडक लिहिलंय, ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये. हे वाक्य लोक आळशी माणसाला सुनावायला वापरतात पण ते मुळात भाविक माणसांना लिहिलेलं आहे, देवाची वाट बघतोय म्हणून बसलेल्यांना. तुला हे टोचायला सांगत नाही. तू आळशी नाहीस, सकाळी सहाला उठून लायब्ररीत जाऊन बसतोस हे तूच लिहिलंयस. मी फक्त म्हणतोय की बसून राहणं म्हणजे जास्त विश्वास असं शास्त्रात कुठं नाही.

घाई करणंही नाही, हेही सांगितलं पाहिजे. शौल राजा गिलगालात सात दिवस शमुवेल संदेष्ट्याची वाट बघत थांबला, माणसं पांगायला लागली, पलिष्टी समोर, आणि सातव्या दिवशी शमुवेलानं येऊन करायचं होमार्पण त्यानं स्वतःच करून टाकलं, ते संपतंय तोवर शमुवेल आलाच. अब्राहामाचं तर माहीतच आहे, देवानं मुलाचं वचन दिलेलं असताना दासी हागारेला इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा आणि बायको सारेला इसहाक झाला तेव्हा १००, मधल्या १४ वर्षांत त्या घरात जे झालं ते वाचवत नाही. पण नीट बघ, यातली कुणाचीही चूक रोजचं काम केलं ही नाही. देवानं स्वतःकडं ठेवलेलं काम त्यांनी आपल्या हातात घेतलं ही चूक. नोकरी शोधणं, अर्ज टाकणं, हे तुझ्या हातातलं काम आहे बाळा, ते केल्यानं तू देवाच्या पुढं पळत नाहीस.

दोन माणसांचं सांगतो, दोघांचा आपल्या मराठी मंडळीशी संबंध आहे. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी १७९३ मध्ये बंगालात आला, आणि इथल्या माणसाचा पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा, झाला १८०० च्या डिसेंबरात. सात वर्षं एकही नाही. त्या सात वर्षांतली बरीचशी त्यानं निळीच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून काढली, कारण पोट होतं, बायकोपोरं होती. कारखाना सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात बंगाली, संस्कृत शिकत भाषांतर करायचं. पुढं सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठी व्याकरण निघालं आणि १८११ मध्ये मराठी नवा करार, त्यात पंडित वैजनाथ शर्मांची मोठी मदत होती. निळीच्या कारखान्यातली वर्षं वाया गेली असं आज कोण म्हणेल?

दुसरे आपले नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटलं, लक्ष्मीबाई दुरावल्या, काही वर्षं तर दोघं वेगळे राहिले. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, नवऱ्याच्या वेळेला नाही, त्यांच्या स्वतःच्या वेळेला, पाच वर्षांनी, सोवळ्याओवळ्याचा एकेक धागा आपल्या हातानं उसवत उसवत. आणि टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांनी हाती घेतलेलं ख्रिस्तायन, ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य, अर्धवट होतं, ते पुढं नेलं कुणी, तर लक्ष्मीबाईंनीच, ज्यांना लग्न झालं तेव्हा धड लिहायला-वाचायला येत नव्हतं. १८९५ च्या त्या फेब्रुवारीत टिळकांना कुणी सांगितलं असतं की आज तुझ्यापासून तुटलेली ही बाई तुझा ग्रंथ पुरा करत आणेल, तर त्यांना काय वाटलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आता एक गोष्ट मला आईशी बोलावीशी वाटते, तिला हे वाचून दाखव. देवाची वेळ येईल हे वाक्य खरं आहे, पण ते कधी बोलायचं याचीही वेळ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती, पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, गॅस नाही, दूध नाही. एका शाळेत उतरवलेल्या लोकांकडं आम्ही मंडळीतर्फे पोळी-भाजी घेऊन गेलो होतो. तिथं व्हरांड्यात एक जण भिंतीला टेकून बसलेला, घर पाण्यात, तीन म्हशी सोडवून कशातरी उंचावर आणून बांधलेल्या. मी त्याच्या शेजारी बसलो, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, देवाच्या वेळी सगळं नीट होईल. त्यानं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, दमून, आणि म्हणाला, ते हुईल सायेब, पर आज म्हशीस्नी वैरण बघा कायतरी, दोन दिस झाले. मला त्या क्षणी कळलं की मी त्याला जे दिलं ते मला बरं वाटावं म्हणून दिलं होतं. मंडळीतले दोघं टेम्पो घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत कागलच्या बाजूनं उसाचे वाढे आणले, ओले, चिखलाचे. म्हशींनी त्या काळोखात मान वर न करता खाल्ले. तो माणूस उभा राहून नुसता बघत होता आणि मग पहिल्यांदा रडला.

त्यानंतर दुःखात असलेल्या माणसाला मी ते वाक्य पहिलं म्हणून कधी बोललो नाही. लाजर आजारी आहे असा निरोप आला तरी येशू होता तिथंच दोन दिवस राहिला, योहानाच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था तोंडावर म्हणते की प्रभू तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिला गप्प बस म्हणत नाही, विश्वास कमी आहे म्हणत नाही, तिच्याशी बोलतो, आणि तिची बहीण मरीया रडत आली तेव्हा स्वतः रडतो. तेराव्या स्तोत्रात दावीद चार वेळा विचारतो, किती वेळ, किती वेळ. ते स्तोत्र देवानं शास्त्रात ठेवलंय. म्हणजे तू रात्री गच्चीवर जाऊन देवाला हे विचारलंस तर ती प्रार्थनाच आहे, कुरकुर नाही, आणि मामांना तसं सांग.

आमच्या घरातलं एवढंच सांगतो की आम्हाला मूल झालं नाही. बायकोनं आणि मी अकरा वर्षं त्यासाठी प्रार्थना केली, मिरजेला फेऱ्या झाल्या, पुण्याला झाल्या. मंडळीतले लोक दर ख्रिसमसला म्हणायचे पुढच्या वर्षी नक्की. पुढं बोलायचे थांबले. आता ती ६४ वर्षांची आहे आणि शेजारच्या वाडीतल्या पोरांना संध्याकाळी गणित शिकवते, पण हे त्याच्या बदल्यात मिळालं असं मी म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. ते ते आहे आणि हे हे आहे. सगळ्या प्रार्थनांना तारीख असते असं मी तुला सांगितलं तर तो हनन्यासारखाच निरोप होईल.

बरं, आता तुझा तिसरा प्रश्न, आणि खरं तर मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. हार्डनेस न घेता ब्रिनेलचे, म्हणजे बॉल दाबून मोजायच्या कठीणपणाचे, आकडे भरायचे, एका हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी काढलेल्या रसाचा, स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे त्याची तपासणी) दुसऱ्या हीट नंबरला लावायचा, कस्टमरचा माणूस यायच्या आदल्या रात्री रजिस्टर पुरं करायचं. तू लिहिलंयस की नोकरी सोडताना मनात कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं होतं त्याचं एक कारण हेही होतं. हे ओळखलंस ते फार बरं केलंस. पण सरकारी नोकरीत हे प्रश्न नसतात असं समजू नकोस, तिथं टेस्ट सर्टिफिकेट नसेल, दुसरं काही असेल, टेबल बदलतं एवढंच.

बाबेलला नेलेला दानीएल सरकारी नोकरच होता, आयुष्यभर, आणि तोही परक्या राजाचा. त्याला खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या तीन वर्षं शिकवली, तो शिकला. त्याचं नाव बदलून बेल्टशस्सर ठेवलं, तेही चालवून घेतलं, ज्या नावात बाबेलच्या दैवताची हाक आहे. पण राजाच्या ताटातल्या अन्नाशी तो थांबला. म्हणजे त्यानं प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं नाही, कुठं नाही म्हणायचं ते मनाशी आधी ठरवलं. आणि कसं म्हटलं तेही बघ, आरडाओरडा नाही, कारभाऱ्याला विनंती करून दहा दिवसांची परीक्षा सुचवली, त्या बिचाऱ्याची मान अडकू नये म्हणून. पुढं नवव्या अध्यायात हाच दानीएल, आता म्हातारा, यिर्मयाचं लिखाण वाचतोय आणि त्याला सत्तर वर्षांचा आकडा सापडतो. तेच सत्तर, तुझ्या फ्रेममधल्या वचनाच्या वरचे. इ.स.पू. ५३८ च्या सुमाराला पारसाचा राजा कोरेश यानं लोकांना परत जायची परवानगी दिली, पण दानीएल गेला असं कुठं लिहिलेलं नाही, कोरेशाच्या तिसऱ्या वर्षीही तो तिकडंच आहे.

आणि लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं जकातदार येतात, आम्ही काय करावं. तेव्हाची जकातदारी म्हणजे लुबाडणुकीचंच खातं, तरी तो नोकरी सोडा म्हणत नाही, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. शिपायांना म्हणतो कुणाला दमदाटी करू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात भागवा. त्याच खुर्चीत बसून वेगळं वागा, हे त्याचं सांगणं.

तुझ्या बाबतीत याचा अर्थ असा घेतो मी. फौंड्रीत जा, जरूर जा, कोल्हापुरात क्वालिटीतला सहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस कमी मिळतो. पण जॉइन होण्याआधी, नंतर नाही, मालकाला किंवा मॅनेजरला दार लावून नीट सांग की साहेब, मी घेतलेल्या रीडिंगवर मी सही करीन, न घेतलेल्यावर करणार नाही, आणि रीडिंग वेळेत घ्यायची जबाबदारी माझी, लागलं तर शिफ्टनंतर थांबीन. दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण खोटा रिपोर्ट बऱ्याच वेळा लबाडीतून येत नाही, गाडी दारात उभी असते आणि टेस्टिंगला माणूस नसतो त्यातून येतो. एक ब्रेक ड्रम न तपासता गेला तर तो कुणाच्यातरी ट्रकच्या चाकात जाऊन बसतो आणि तो ट्रक कुठल्यातरी घाटात उतरत असतो, नगराच्या हितासाठी झटा म्हणजे तुझ्या टेबलावर हे. शेजाऱ्यावर प्रीती ही कधी कधी अशी दिसते, बॉलचा ठसा भिंगातून नीट मोजलेला.

यानं सगळं गोड होईल असं मी सांगणार नाही. आमच्या मंडळीतल्या एकानं अकाउंट्सला असताना खोट्या बिलावर सही करायला नकार दिला, त्याला काढलं नाही पण दोन वर्षं इन्क्रीमेंट दिलं नाही, शेवटी त्यानंच सोडलं, आता लहान जागी कमी पगारावर आहे. त्याची बायको मला म्हणाली की पगार कमी झाला पण माणूस रात्री झोपतो. दोन्ही खरं आहे, पगार कमी झाला हेही आणि झोपतो हेही. म्हणून हातात पाच-सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत गाडी, फ्लॅट असलं कर्ज अंगावर घेऊ नकोस, हप्त्यानं बांधलेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं, हे मी कित्येक घरांत बघितलंय.

एमपीएससी सोड असं मी म्हणत नाही. पण शेवटचे किती अटेम्प्ट हे आईसमोर ठरव आणि कागदावर लिही, संध्याकाळी दोन तास आणि रविवारी उपासनेनंतर अभ्यास होतो, फौंड्रीत काम करत पास झालेली पोरं आपल्याकडं आहेत. लग्नाचं थांबवून ठेवलंयस तेही सोड, सरकारी नोकरी लागल्यावर बघू म्हणत आपल्या छोट्याशा समाजात किती पोरंपोरी पस्तिशीला आली, मुलीला खरं काय ते सांग आणि तिला ठरवू दे. यिर्मयानं बाबेलातल्या माणसांनाही आधी परत या, मग लग्नं करा असं लिहिलं नव्हतं.

कुणी परत डोक्यावर हात ठेवून तारीख दिली तर नम्रपणे आमेन म्हण, यिर्मयानं म्हटलं तसं, आणि त्यावरून कुठलाही कागद सही करू नकोस, ना राजीनामा ना कर्ज ना दान. आधी मंडळीतल्या दोन वडील माणसांना सांग, त्यातलं एक तरी स्वतः नोकरी-धंदा केलेलं असू दे.

इंटरव्ह्यूत १४ महिन्यांच्या गॅपबद्दल विचारतील. तिथं पहिली परीक्षा आहे, मित्र सांगतील की काकाच्या वर्कशॉपचं एक्स्पिरियन्स लेटर आण. नको आणू. सांग की स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी केली, झालं नाही, आता कामावर यायचंय. सोमवारी अर्ज टाक, उद्यमनगरातल्या छोट्या टेस्टिंग लॅबसुद्धा बघ, फक्त शिरोली-गोकुळ शिरगाव धरून बसू नकोस. आणि आज रात्री जेवण झाल्यावर ती फ्रेम भिंतीवरून काढ, आईला बसव, मामा असतील तर त्यांनाही, आणि सगळ्यांसमोर यिर्मयाचा २९ वा अध्याय चौथ्या वचनापासून मोठ्यानं वाच. बुधवारी मी संध्याकाळी घरीच असतो, अर्ज टाकून झाला की येऊन सांग, बायकोला चहा ठेवायला सांगतो.